सांधेवाल्याची गाडी

परांडकर साहेबांनी दुसरा हँडसेट ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवरला कुलूप घातलं आणि सदऱ्याच्या आत हात घालून किल्ली जानव्याला अडकवली. मी समोरच उभी होते. हातातली सोल्डरिंगची कांडी अजून गरम होती, आणि ती खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

"तो स्पेअर राहू दे," साहेब म्हणाले. "लतीफचा बिघडला तर लागेल."

मी म्हटलं, स्पेअर कशाला? दोन माणसांना दोन गाड्या चालवता याव्यात म्हणून तर हा सगळा खटाटोप केला. एक लतीफचाचांकडे राहील, दुसरा आबांकडे द्या. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या प्लॅटफॉर्मवर शेळी आणून बांधली होती.

"लिंबाजीला सांधे आहेत," ते म्हणाले. "सांधेवाल्यानं सांधे बघावेत, यशोधरा. गाडी बघायला ड्रायव्हर आहे."

लिंबाजी म्हणजे माझे आबा. ते तिथंच खाली वाकून सांध्याच्या खटक्याला तेल सोडत होते. सगळं कानावर पडत होतं, पण मान वर केली नाही. तेलाची बुधली पुसली, जागेवर ठेवली आणि म्हणाले, "चल गं, उशीर होतोय." उशीर कशाला होतोय ते काही त्यांनी सांगितलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण बापापुढं मी गप्प बसले. त्या दिवसापुरतीच.

आता ही भानगड काय ते सांगते, नाहीतर हँडसेट म्हणजे कुणाला टेलिफोन वाटायचा.

आमचं सोनवडी जंक्शन. मोठ्या लाइनीच्या शेजारून इथून वाळूरला छोटी नॅरोगेज जायची, ती कधीच बंद पडली, रूळसुद्धा उपटून नेले. पण रेल्वे पेन्शनर मंडळाच्या हॉलमध्ये ती चालू होती. परांडकर साहेब सोनवडीचे रिटायर स्टेशन मास्तर. त्यांनी निवृत्तीनंतर ती अख्खी लाइन टेबलांवर उभी केली होती. हॉलच्या दारापाशी सोनवडी, पलीकडच्या भिंतीला वाळूर, मधे पूल, ओढा, ज्वारीची रानं, सीताफळाची झाडं. खोटं कशाला बोलू, माणसानं जीव ओतला होता. वाळूरच्या स्टेशनावरच्या पाणपोईला माठसुद्धा होता, करंगळीच्या नखाएवढा.

फक्त एक होतं. रेल्वेत ज्यानं जे काम केलं तेच त्यानं इथंही करायचं, हा तिथला रिवाज. कुणी लिहून ठेवला नव्हता, पण कुणी मोडतही नव्हतं. साहेब पॅनेलवर. लतीफ मुल्ला, रिटायर ड्रायव्हर, गाडीचा वेग कमीजास्त करायच्या मुठीवर. आबा जन्मभर सांधेवाले, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घ्यायची तर खटका ओढून रूळ फिरवायचा तो माणूस, तर इथंही खाली स्टुलावर बसून सांध्याचे खटकेच ओढायचे. वाळूरच्या टोकाला बिराजदार गार्ड असायचे. ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले तेव्हा वाळूर माझ्याकडे आलं, कारण दुसरं कुणी मिळालं नाही. मी आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वायरी जोडायला मी लागायचीच. सोनवडीनं घंटी दिली की वाळूरनं घंटी द्यायची, म्हणजे लाइन क्लिअर, पुढचा रस्ता मोकळा, गाडी सोडा. एवढंच माझं राज्य.

जुनी पद्धत अशी की वीज रुळातून जायची आणि इंजिनाला स्वतःचं डोकं नसायचं. ज्या तुकड्याला वीज मिळेल तिथलं इंजिन हलणार. साहेबांच्या पॅनेलवर प्रत्येक तुकड्याचं एक बटण. ते वर केलं की तो तुकडा जिवंत, खाली केलं की मेला. लतीफचाचांनी मूठ कितीही फिरवू दे, साहेबांनी बटण खाली केलं की गाडी जागच्या जागी उभी. लतीफचाचा वैतागायचे. म्हणायचे, मेल गाड्या ओढल्या आयुष्यभर, आणि म्हातारपणी कुकरच्या शिट्टीसारखं दुसऱ्यानं बंद केलं की बंद.

त्यांच्याच मुलानं मस्कतहून डिजिटलचा संच पाठवला. त्यात असं असतं की रुळात सगळीकडे सदा सर्वकाळ वीज असते, आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप बसवतात. चिपला नंबर. हातातल्या हँडसेटवर नंबर दाबायचा, त्याच नंबरचं इंजिन ऐकणार, बाकीची गप्प उभी. ड्रायव्हरला गाडीबरोबर चालत जाता येतं. लतीफचाचांना तेवढंच पाहिजे होतं.

साहेब तयार होईनात. मग एक अट घालून तयार झाले, की पॅनेल हलवायचं नाही. मी सांगून पाहिलं, की आता पॅनेलचं काम उरलं नाही, उलट चुकून बटण खाली गेलं तर तेवढा तुकडा मरेल. ते म्हणाले, स्टेशन मास्तरच्या हाताखालून वीज गेली पाहिजे. बरं म्हटलं. नवी वीज जुन्याच पॅनेलमधून फिरवून घेतली. वर सगळी बटणं चालू ठेवायची, हात लावायचा नाही, असं बजावलं.

चिपा बसवायला इंजिनं घरी आणली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हातभर रूळ मांडला, इंजिनाचं टोपण काढलं, मोटरच्या वायरी तोडून चिपला जोडल्या. पहिल्यांदा हॉलमध्ये दोन इंजिनं एकदम ठेवली तेव्हा गंमतच झाली. कारखान्यातून सगळ्या चिपा एकाच नंबरच्या येतात, तो बदलायचा मी विसरले होते. बटण दाबलं तर दोन्ही इंजिनं एकदम चालायला लागली, एकदम थांबली. लतीफचाचा पोट धरून हसले. साहेब मात्र खूश. "हे छान आहे," म्हणाले, "एक हुकूम, सगळे एकदम. असंच राहू दे की." मी रात्रीचं जेवण व्हायच्या आत दोन्ही इंजिनांना वेगवेगळे नंबर देऊन टाकले.

पण सांगायचं होतं ते दुसरंच. तो संच घरी असताना एकदा दुपारी मी आयटीआयतून लवकर आले. दार लोटलेलं होतं. आत आबा टेबलाशी बसले होते, हातात हँडसेट, आणि तेवढ्याशा रुळावर इंजिन मागं-पुढं नेत होते. हळू. अगदी हळू. डावा कोपर त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर टेकवला होता आणि अंग जरा बाहेर झुकवलं होतं, ड्रायव्हर खिडकीतून पुढं बघतो तसं. टेबलापलीकडं आमचा फ्रिज होता. आबा फ्रिजच्याही पलीकडं बघत होते.

मला बघून त्यांनी हँडसेट असा खाली ठेवला, जणू कुणाच्या ताटातला घास उचलला होता. म्हणाले, धूळ बसली होती, पुसत होतो.

मी विचारलं, "आबा, तुम्हाला कधी ड्रायव्हर व्हावंसं वाटलं नाही?"

"छे. कोळशाची धूळ मला सोसत नव्हती." हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले होते. फायरमन व्हायचं म्हणजे कोळसा, आणि फायरमन झाल्याशिवाय ड्रायव्हर होता येत नाही, म्हणून आबा सांधेवालेच राहिले. आई चुलीपाशी होती. ती भाकरी थापायची थांबली. मग म्हणाली, "त्या साहेबापुढं यांच्या तोंडाला कुलूप आहे, यशे. तू कशाला डोकं आपटून घेतीस?"

मी मनाशी ठरवलं, की माझ्या बापानं एकदा तरी त्या हॉलमध्ये, चार लोकांसमोर गाडी न्यायची. त्यापेक्षा जास्त काही नको होतं. आणि त्यापेक्षा कमी तर अजिबात नको होतं.

छोटी लाइन बंद पडली ती तारीख सोनवडीत दरवर्षी पाळतात. त्या दिवशी हॉल लोकांना खुला. वाळूरकडचे म्हातारे-म्हाताऱ्या येतात, ज्यांनी त्या गाडीतून पेरूच्या पाट्या नेल्या, ज्यांची वरात त्या गाडीनं आली, असे सगळे. शाळेची पोरं येतात. साहेब भाषण करतात, इंजिनाला झेंडूच्या एका फुलाचा हार घालतात, आणि शेवटची गाडी सोनवडीहून वाळूरला जाऊन परत येते.

डिजिटल झाल्यानंतरचा तो पहिलाच दिवस. हॉल सकाळपासून भरला होता. मी वाळूरच्या टोकाला माझ्या घंटीपाशी होते. आबा सोनवडीला स्टुलावर, पांढरा सदरा, दाढी घोटलेली, हात खटक्यावर. लतीफचाचा हँडसेट घेऊन इंजिनाशेजारी. साहेबांनी भाषण सुरू केलं.

चांगलं बोलायचे ते, त्यात वाद नाही. लाइन कुणी बांधली, पूर आला तेव्हा पूल कसा वाचला, सगळं सांगितलं. लतीफचाचांचं कौतुक केलं. मग वळून आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि हा आमचा लिंबाजी," ते म्हणाले. "लोकहो, असा सांधेवाला पुन्हा होणे नाही. तरुणपणी याची फायरमनला निवड झाली होती. वरून ऑर्डर आली, लिंबाजी जानरावला मोकळं करा. मी म्हटलं, माणूस देणार नाही. दोनदा आली, दोनदा परत पाठवली. असा हातचा माणूस कोण सोडतो? आणि बघा, आजही माझ्या हाताखाली आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, कौतुकच वाटलं. साहेबांनाही ते कौतुकच वाटत होतं, खांदा थोपटत होते, तोंडभर हसू. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं हीच तर गोम होती. आपण एका माणसाचा जन्म अडवून ठेवला हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी आबांकडे बघितलं. ते खटक्याकडे बघत होते. कोळशाची धूळ सोसत नव्हती म्हणे. इतकी वर्षं त्यांनी मला, आईला, सगळ्या आळीला ते सांगितलं, का तर साहेबानं सोडलं नाही हे सांगायची लाज वाटत होती. लाज कुणाला वाटायला हवी आणि वाटत होती कुणाला. मला तिथंच ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त काहीतरी फोडावंसं वाटलं.

तेवढ्यात सोनवडीची घंटी वाजली. गाडीला लाइन क्लिअर मागितली होती. मी दात आवळून घंटी दिली. रस्ता मोकळा. आता लतीफचाचांनी गाडी सोडायची.

लतीफचाचा हलले नाहीत. त्यांनीही भाषण ऐकलं होतं. ते आणि आबा एकाच वयाचे, फायरमनच्या भरतीला त्या वर्षी दोघं बरोबर उभे राहिले होते, हे मला नंतर कळलं.

"साहेब," ते म्हणाले, "माझे ड्यूटीचे तास भरले. मला रिलीफ पाहिजे, बदली ड्रायव्हर."

साहेब हसले. म्हणाले, लतीफ, चेष्टा पुरे, लोक थांबलेत.

"चेष्टा नाही साहेब. तास भरल्यावर ड्रायव्हर गाडी हलवत नसतो. तुम्हीच किती जणांना त्यावरून मेमो दिलेत." आणि ते आबांकडे गेले, हँडसेट त्यांच्यासमोर धरला. "रिलीफ हा काय, समोर बसलाय. निवड झालेला माणूस आहे, आत्ताच तुम्ही सांगितलंत."

आबांचे हात खटक्यावरून उठेनात. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, जन्माची सवय, परवानगीसाठी. साहेबांनी मान हलवली, नाही म्हणून. मला वाटलं, झालं, आता आबा म्हणणार, असू दे लतीफ. मी पलीकडच्या भिंतीपासून ओरडले, "आबा, घ्या. वाळूरनं लाइन क्लिअर दिलीय."

आबा उठले. सदऱ्याला हात पुसले आणि हँडसेट घेतला. लतीफचाचा कुणी न सांगता त्यांच्या स्टुलावर जाऊन बसले, गुडघे करकरले त्यांचे, पण बसले आणि खटका धरला. मेल गाडीचा ड्रायव्हर सांध्यावर.

गाडी निघाली. पुढं ते काळं इंजिन, मागं तीन डबे, झेंडूचं फूल हलत होतं. सोनवडीचा सांधा पार झाला, गाडी पुलाकडे वळली, आणि तिथंच मेली. इंजिनाचा दिवासुद्धा विझला. पोरांनी अरे अरे केलं.

मी पॅनेलकडे बघितलं. साहेबांचं बोट बटणावर होतं. बटण खाली.

"लाइन क्लिअर मी लतीफच्या गाडीला मागितली होती," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. ते कधी आवाज चढवायचे नाहीत, त्यांना गरजच पडली नव्हती. "लिंबाजी, तो हँडसेट दे इकडं. बस जाग्यावर."

मी वाळूर सोडून निघाले. लोकांमधून वाट काढत होते आणि काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते, अगदी जानव्याच्या किल्लीपर्यंत. पण आबांनी हात वर केला, मला थांबवायला. मला वाटलं, हँडसेट द्यायला निघाले.

आबा पॅनेलपाशी गेले. हँडसेट दिला नाही.

"साहेब," ते म्हणाले, "लाइन क्लिअर गाडीला मिळते. माणसाला नाही."

साहेब म्हणाले, "काय?"

"वाळूरनं घंटी दिली. पुढं सेक्शन मोकळा आहे. सांधा बसलाय, सिग्नल पडलाय. सुटलेली गाडी मास्तरनं मधेच अडवली तर कारण द्यावं लागतं. तुम्ही कारण सांगा. नाहीतर वीज सोडा."

"कारण तुला माहीत आहे, लिंबाजी."

"मला नाही माहीत. सगळ्यांसमोर सांगा."

माझ्या बापाच्या तोंडून साहेबांना असा शब्द मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आवाज कापत होता, पण शब्द एकही गिळला नाही. साहेबांनी तोंड उघडलं. सांगणार काय? तू सांधेवाला आहेस म्हणून, एवढंच कारण होतं त्यांच्याकडे, आणि चारचौघांत ते उच्चारायचं म्हणजे ते काय आहे हे स्वतःलाही ऐकू आलं असतं. पण बोट काही बटणावरून उचललं नाही. बोटाखाली बटण खालीच.

मग मी वाट बघितली नाही. टेबलाखाली शिरले. पॅनेलला वीज देणारा जाड जोड मीच बसवला होता, मीच उपसला. रुळाकडे जाणारी पिन थेट डिजिटल संचाच्या पेटीत खुपसली. सगळी लाइन एका दमात जिवंत झाली, पुलाजवळच्या इंजिनाचा दिवा पेटला. वर पॅनेलवरचे सगळे दिवे गेले. बाहेर आले तेव्हा केसात जळमटं होती आणि साहेब मेलेल्या पॅनेलवर एकेक बटण वर-खाली करून बघत होते.

"यशोधरा, हे तू काय केलंस?" ते म्हणाले.

"डिजिटल केलं," मी म्हटलं. "पूर्ण."

आबांनी गाडी हलवली.

अहो, काय सांगू. आम्ही कुणी ती गाडी कधी इतकी हळू नेलेली बघितली नव्हती. लतीफचाचा जरा ऐटीत न्यायचे, लोकांना तेच आवडायचं. आबांनी पूल असा ओलांडला, जणू खाली खरंच पाणी होतं. वळणावर आणखी हळू केली. चढावर इंजिनाला दम घेऊ दिला. ते गाडीच्या बाजूनं पावलापावलानं चालत होते, डावा कोपर अंगापासून बाहेर काढलेला, मान जरा झुकलेली. वाळूरकडची एक म्हातारी त्यांच्या शेजारून चालायला लागली. तिनं कुणाला तरी सांगितलं, अशीच जायची गं, रानातल्या बायका चालत्या गाडीत चढायच्या.

साहेबांना राहवलं नाही. मागून म्हणाले, "अरे जोरात घे, लोक खोळंबलेत."

आबांनी मागं बघितलंसुद्धा नाही. "गाडी सेक्शनात असताना ड्रायव्हरशी बोलायचं नसतं, साहेब."

लतीफचाचांनी सांध्यावरून शिट्टी मारली, दोन बोटं तोंडात घालून, पोरासारखी. मी वाळूरला धावत गेले, गाडी पोचायच्या आत मला माझ्या जागेवर असायला हवं होतं.

गाडी वाळूरला लागली. धक्का नाही, काही नाही, थांबली हेसुद्धा कळलं नाही. आबा माझ्यासमोर उभे होते. माझे डोळे गळत होते आणि मी ते पुसतही नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रडू नंतर. गाडी पूर्ण आलीय का बघ, शेवटचा डबा बघ, आणि मग घंटी दे." मी शेवटचा डबा बघितला. घंटी दिली. टाळ्या वाजल्या हे मला लोकांनी नंतर सांगितलं, तेव्हा ऐकूच आल्या नाहीत.

आता परतीची गाडी राहिली होती. इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि सोनवडीला जायचं, म्हणजे सोनवडीचा सांधा उलटा टाकायला हवा. लतीफचाचा खटका ओढायला वाकले आणि त्यांचे गुडघे अडकले. दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. म्हणाले, बाबा रे, हे काम सोपं नाही, मला वाटलं होतं बसून असतंय.

साहेब सोनवडीच्या टोकाला उभे होते. पॅनेल मेलेलं, हातात काही नाही. त्यांनी रिकाम्या स्टुलाकडे बघितलं, मग आबांकडे. "लिंबाजी, पुरे झालं आता," ते म्हणाले, पण त्यात पहिला जोर नव्हता. "हँडसेट लतीफला दे. सांध्यावर कोण बसणार?"

आबा हॉलच्या या टोकाला, ते त्या टोकाला. मधे सगळी लाइन, आणि सगळे लोक.

"तुम्ही बसा की, साहेब," आबा म्हणाले. "अवघड नाही. मी शिकवतो."

कुणी हसलं नाही. मला आजही आठवतं, एक माणूससुद्धा हसला नाही. शाळेची पोरं गाडीची वाट बघत होती. म्हातारी मंडळी साहेबांकडे बघत होती, आणि कुणी त्यांच्या मदतीला धावलं नाही. मी तर नाहीच. आबा आता अनमान करतील, असू द्या साहेब म्हणतील, अशी मला भीती होती. त्यांनी तसं म्हटलं नाही. हँडसेट हातात धरून शांत उभे राहिले, जसा ड्रायव्हर सिग्नलची वाट बघत उभा राहतो.

परांडकर साहेब बसले. नाइलाजानं, ओठ दाबून, कान लाल करून बसले, पण बसले. तेवढ्या ठेंगण्या स्टुलावर त्यांचे गुडघे छातीला लागले. खटका धरला आणि ओढला. सांधा निम्मा फिरला आणि अडकला.

"पुरता बसला नाही, साहेब," आबा म्हणाले. "परत टाका. घाई करू नका, गाडी थांबलीय."